अश्मपुष्पाचा पत्ता

इतवारीच्या किराणा ओळीतून आणलेले पन्नास ग्रॅम दगडफूल आम्ही मध्यंतरी एका दुपारी वर्तमानपत्रावर पसरून बसलो होतो. निमित्त अगदी घरगुती होते. मसाला भाजायला घेण्यापूर्वी दगडफूल निवडावे लागते, आणि ते काम ज्याला दुसरे काही येत नाही त्याच्याकडे येते. निवडता निवडता ढीग पडत गेले. वरून राखाडी आणि खालून काळसर अशा, कडांना वळलेल्या पापुद्र्यांचा एक ढीग. दोन-दोन फाट्यांनी फुटत जाणाऱ्या चिंचोळ्या फितींचा दुसरा. थोडी दाढीसारखी तंतुमय गुंतवळ, थोडे वाळलेले शेवाळ. आणि शेवटी, ज्यासाठी ही निवड करायची, तो कचरा. त्यात सालीचे लहानमोठे अकरा तुकडे निघाले. दगडाचा मात्र कणसुद्धा नव्हता.

दगडफुलात दगड नसावा आणि झाडाची साल असावी, या साध्या विसंगतीचा आम्ही पाठपुरावा केला. तो आम्हाला अमरकोशापासून हिमालयातल्या चुनखडीच्या कड्यांपर्यंत, आणि तिथून पुन्हा नागपूरपर्यंत घेऊन आला.

नागपूरकराला दगडफुलाची वेगळी ओळख करून द्यायला नको. पुण्याकडच्या गोड्या मसाल्यात ते असतेच, पण तिथे ते नारळ आणि तिळाच्या आडोशाने राहते. सावजी रश्श्यात त्याला असा आडोसा नाही. कच्चे हुंगले तर ते जवळजवळ निर्गंध असते. तापलेल्या तेलात पडले की मात्र जुन्या लाकडासारखा, पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा, किंचित धुरकट वास सुटतो, आणि सावजीचा काळा रस्सा ओळखायचा तो याच वासावरून. हे जेवण कोष्ट्यांच्या चुलीवरचे. इतवारी-महाल भागात ज्यांचे हातमाग होते त्या घरांचे. १८६७ साली आगगाडी नागपुरास आली, १८७७ च्या पहिल्या दिवशी जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. पुढे हातमागाचे दिवस फिरले तेव्हा काही घरांनी घरचा रस्सा विकायला काढला आणि त्यातून भोजनालये उभी राहिली, असे जुनी माणसे सांगतात. आता मिल नाही (तिला २००२ साली कायमचे टाळे लागले), हातमागही फारसे उरलेले नाहीत. रस्सा मात्र आहे. आणि त्या रश्श्यात एक अशी वस्तू आहे जी नागपुरात उगवत नाही, विदर्भातही खाण्याजोगी उगवत नाही, आणि जिच्या नावाने तिचा पत्ता चुकीचा सांगितलेला आहे.

हा चुकीचा पत्ता आजचा नव्हे. अमरकोशात या वस्तूला पाच नावे दिली आहेत: कालानुसार्य, वृद्ध, अश्मपुष्प, शीतशिव आणि शैलेय. 'अश्मपुष्प' म्हणजे शब्दशः दगडफूल. मराठी शब्द त्याचे सरळ भाषांतर आहे. 'शैलेय' म्हणजे शैलापासून झालेले. (याच शब्दाचा अर्थ शिलाजित असाही होतो, आणि जुने वैद्यकग्रंथ वाचताना कोणता शैलेय अभिप्रेत आहे हे संदर्भावरून ठरवावे लागते.) सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेच्या गंधयुक्तीच्या अध्यायात शैलेयाला सुगंधाच्या सोळा द्रव्यांत बसवले आहे. ही सोळा द्रव्ये चार गुणिले चार अशा घरांत मांडायची आणि त्यांच्या निरनिराळ्या प्रमाणांतून अगणित सुगंध सिद्ध करायचे, अशी ती योजना. गणिताचे इतिहासकार तिला संयोगगणिताचे एक जुने उदाहरण मानतात. कनौजचे अत्तरवाले हिन्याच्या अत्तरात आजही दगडफूल घालतात, तेव्हा ते या परंपरेबाहेर काही करत नाहीत. थोडक्यात, आपल्याकडे ही वस्तू ताटात येण्यापूर्वीच धुपात आणि तेलात होती, आणि ती दगडाची म्हणूनच ओळखली जात होती.

मग दगडावर खरोखर काय उगवते? वाचकांनी आमच्याबरोबर थोडे उंचावर यावे.

हिमालयात झाडांची रेषा संपली की उघडा खडक लागतो. त्यातला पुष्कळसा चुनखडीचा आहे, कारण हे पर्वत एके काळी समुद्राचा तळ होते. लाहौल-स्पितीच्या आणि लडाखच्या बाजूला अशा खडकांवर, विशेषतः पक्षी जिथे येऊन बसतात आणि विष्ठा टाकतात त्या कडांवर, भडक नारिंगी रंगाचे गोल डाग दिसतात. लांबून पाहणाऱ्याला वाटावे की कुणी शेंदूर फासून देव केला आहे. ते डाग म्हणजे रुसाव्स्किया एलेगन्स हा शैवाक. लिंक या जर्मन अभ्यासकाने १७९१ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. अलीकडेपर्यंत तो झँथोरिया एलेगन्स या नावाने ओळखला जाई. युरोपातल्या आल्प्सपासून ध्रुवप्रदेशापर्यंत चुनखडीच्या आणि चुनायुक्त खडकांवर तो आढळतो.

त्याच्या रंगाची एक गंमत सांगितल्यावाचून राहवत नाही. नारिंगी रंग पॅरिएटिन नावाच्या द्रव्याचा. त्यावर कॉस्टिक पोटॅशचा थेंब टाकला की तो क्षणात जांभळट लाल होतो, आणि शैवाक ओळखण्याची ही पहिली परीक्षा आहे. पिवळ्या हळदीला चुना लागला की तिचे कुंकू होते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्या बाईलाही ठाऊक असे. द्रव्य वेगळे, पण क्षाराने रंग पालटण्याचा प्रकार तोच. विल्यम न्यूलँडर या फिनिश शास्त्रज्ञाने पॅरिसमध्ये १८६६ साली अशा रासायनिक परीक्षा शैवाकांच्या अभ्यासात आणल्या. त्याच वर्षी त्याने आणखी एक गोष्ट नोंदवली: शहरात इतरत्र न दिसणारे शैवाक लक्झेंबर्ग बागेत दिसतात, आणि त्यांचे असणे हे हवेच्या स्वच्छतेचे माप आहे. कोराडी-खापरखेड्याच्या धुरांड्यांखाली राहणाऱ्यांना या दुसऱ्या नोंदीचे मोल अधिक वाटावे. असो.

हा नारिंगी डाग वाढतो किती? पहिल्या शतकात वर्षाला अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. पुढे त्याहूनही सावकाश. १८१७ च्या नोव्हेंबरात सीताबर्डीच्या टेकडीवर भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. त्या दिवशी स्पितीतल्या एखाद्या कड्यावर असा डाग धरू लागला असेल, तर भोसल्यांचे राज्य जाऊन, मध्यप्रांत येऊन-जाऊन, नागपूर महाराष्ट्राची उपराजधानी होऊन इतकी वर्षे लोटल्यावर तो आज फार तर तळहाताएवढा असेल. रोलंड बेशेल या ऑस्ट्रियन अभ्यासकाने १९५० च्या सुमारास याच मंद वाढीचे घड्याळ केले. हिमनदी मागे सरून खडक केव्हा उघडा पडला, हे त्यावरच्या शैवाकाच्या व्यासावरून मोजता येते. हा शैवाक चिवटही कमालीचा आहे. २००५ साली फोटॉन-एम२ यानावरून त्याला सुमारे पंधरा दिवस उघड्या अवकाशात ठेवले होते; पुढे आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाबाहेर दीड वर्ष. परत आणून पाणी दिल्यावर तो पुन्हा जगू लागला.

चुनखडीवरचे सगळेच शैवाक असे मिरवणारे नसतात. काही तर दगडाच्या आत राहतात. व्हेरुकेरिया आणि तिच्या नात्यातल्या काही जाती चुना विरघळवत खडकाच्या पृष्ठभागाखाली उतरतात आणि तिथेच पसरतात. वर दिसतात त्या फक्त टाचणीच्या डोक्याएवढ्या काळ्या फळांच्या खाचा. ते फळ गळून गेले की दगडावर देवीचे व्रण असावेत तसे खळगे राहतात. हे खरे 'अश्मपुष्प' म्हणायचे. पण ते काढायचे तर छिन्नी लागेल, आणि मसाल्यात चुना पडेल. नारिंगी रुसाव्स्किया कडेला किंचित सुटी असते, तरी तीही खरवडावी लागते, आणि दिवसभर खरवडून चिमूटभर हाती येणार. चुनखडीच्या खडकाने कुणाच्या फोडणीला वास दिलेला नाही, हे एवढ्यावरून उघड आहे.

नागपूरच्या दगडाचाही इथे विचार करायला हवा. हे शहर दोन खडकांच्या शिवेवर वसले आहे: पश्चिमेला दख्खनचा काळा पत्थर, पूर्वेला त्याहून कितीतरी जुना ग्नाइस. चुनखडी हवी तर दक्षिणेला वणी, राजुरा, कोरपन्याकडे जावे लागते. तिथे तिचे सिमेंट होते. इथल्या खडकांवर आणि आंब्याच्या खोडांवरही शैवाक आहेत, पण ते पांढुरके, चिकटलेले, डाग पडल्यासारखे. पापुद्र्यांनी सुटणारे, मुठीत धरता येणारे दगडफूल वाढायला धुके लागते. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांवर तापणाऱ्या गावाकडून ती अपेक्षा करू नये.

आता नावाकडे परत येऊ. आतापर्यंत आम्ही 'शैवाक' हा शब्द सरसकट वापरला. मराठी शास्त्रीय परिभाषेतला हा शब्द जरा निरखून पाहण्याजोगा आहे. शैवल आणि कवक, म्हणजे शेवाळ आणि बुरशी, यांची नावे जोडून तो झाला आहे. शब्दाच्या पोटात एक आख्खा वाद मिटलेला आहे. लिनियसने १७५३ साली ऐंशीच्या आसपास जाती 'लायकेन' या एकाच प्रजातीत कोंबल्या होत्या आणि वनस्पतींच्या राज्यातली ही अगदी दरिद्री रयत आहे, असे त्याचे मत होते. पण दरिद्री का होईना, ती एक वनस्पती आहे याविषयी कुणाला शंका नव्हती. १८६७ साली स्विस शास्त्रज्ञ सायमन श्वेंडेनर याने सांगितले की ही एक वनस्पती नव्हेच; ही बुरशी आहे आणि तिने शैवलाला आत कोंडून घेतले आहे. बुरशी धनी, शैवल दास. यावर मोठा गदारोळ झाला. आपल्या परीक्षांनी शैवाकांच्या जाती वेगळ्या करण्यात आयुष्य घालवलेल्या न्यूलँडरला हे कधीच पटले नाही. इंग्लंडात क्रॉम्बी या पाद्र्याने या कल्पनेची एखाद्या स्वस्त प्रेमकथेसारखी टर उडवली. पुढे द बारीने अशा एकत्र राहण्याला 'सहजीवन' या अर्थाची संज्ञा दिली आणि धनी-दास ही भाषा मागे पडली.

संस्कृत धातूंतून शास्त्राचे शब्द पाडण्याची मोठी टाकसाळ एके काळी नागपुरातच होती, हे आता फारसे कुणाच्या लक्षात नाही. आचार्य रघुवीर लाहोरहून आपली संस्था घेऊन १९४६ च्या सुमारास नागपुरास आले आणि मध्यप्रांत सरकारच्या आश्रयाने त्यांनी इथे पारिभाषिक शब्दांचे प्रचंड काम केले. १९५६ साली ते दिल्लीस गेले. उपसर्ग, धातू आणि प्रत्यय यांच्या जोडणीतून कोणत्याही शास्त्रातली कोणतीही संज्ञा घडवता येते, असा त्यांचा विश्वास होता. त्या शब्दांची पुढे पुष्कळ चेष्टा झाली, आणि काही शब्द चेष्टेच्या लायकीचे होतेही. परंतु 'शैवाक' सारखा शब्द पाहिला की या पद्धतीचे बळ कळते. 'लायकेन' या मूळच्या ग्रीक शब्दातून त्या वस्तूविषयी काही कळत नाही. त्याचा संबंध त्वचेवरच्या खरजेशी होता. 'दगडफूल' दोन चुका करते, कारण ते फूल नाही आणि बहुधा दगडावरचेही नाही. 'शैवाक' मात्र ती वस्तू काय आहे ते सांगतो. की सांगत होता, असे म्हणावे? २०१६ साली टोबी स्प्रिबिल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दाखवले की अनेक शैवाकांच्या वरच्या थरात आणखी एक, किण्वासारखी, वेगळ्या गटातली बुरशी असते. तिसऱ्या सोबत्यासाठी शब्दात जागा उरलेली नाही.

ती वस्तू काय आहे हे नावाने सांगितले, तरी ती कुठे आहे हे सांगायचे राहतेच. ते काम संग्रहालयांनी केले. लखनौला धरणीधर अवस्थी यांनी १९६५ साली भारत, नेपाळ, पाकिस्तान आणि श्रीलंका येथल्या शैवाकांची सूची प्रसिद्ध केली. पुण्याला शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ साली उभ्या केलेल्या संस्थेत (आज ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते) प. गो. पटवर्धन आणि नंतर ऊर्मिला मखीजा यांनी पश्चिम घाटातले शैवाक वर्षानुवर्षे गोळा केले, ओळखले, नव्या जातींची वर्णने केली. अशा संग्रहातला प्रत्येक नमुना घडी घातलेल्या कागदी पाकिटात असतो आणि पाकिटावर ठिकाण, उंची, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव आणि आधार लिहिलेला असतो. आधार म्हणजे तो कशावर वाढत होता: साल, खडक, माती. या एका शब्दावाचून नमुन्याला किंमत नाही. आज भारतातून शैवाकांच्या अडीच हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत, आणि प्रत्येकीचा आधार नोंदलेला आहे.

बाजाराच्या पोत्यावर हा शब्द नसतो. आमच्या दुकानदाराने विचारल्यावर 'पहाडी माल' एवढेच सांगितले, आणि ते खोटे नव्हते. देशात विकल्या जाणाऱ्या दगडफुलाचा मोठा भाग उत्तराखंड आणि हिमाचलातून येतो. काही दक्षिणेच्या डोंगरांतून. कुमाऊँ-गढवालात त्याला 'झूला घास' म्हणतात. बांजाच्या म्हणजे ओकच्या फांद्यांवरून झुलणारे म्हणून झूला. गावकरी ते कोरड्या महिन्यांत झाडांवरून ओरबाडून, खाली पडलेल्या फांद्यांवरून वेचून गोळा करतात. टनकपूर, रामनगर, ऋषिकेश इथल्या जडीबुटीच्या मंड्यांत त्याचा लिलाव होतो. एका वर्षाचा माल शेकडो टनांत जातो. त्यात पार्मोट्रेमाच्या रुंद पापुद्र्यांच्या जाती असतात, एव्हर्निअ‍ॅस्ट्रमच्या चिंचोळ्या फिती असतात, उस्निआची दाढी असते. आमच्या वर्तमानपत्रावरचे ढीग तेच होते. यांतल्या काही जाती खडकावरही वाढतात, पण व्यापाराला पुरेल एवढा माल झाडच देते. हे शैवाक चुनखडीवरच्या नारिंगी डागापेक्षा भराभर वाढतात खरे. भराभर म्हणजे वर्षाला काही मिलिमीटर. रश्श्याच्या एका पातेल्यात जी मूठ पडते ती पुन्हा भरायला त्या फांदीला कित्येक वर्षे लागतात. त्याआधी फांदी तोडली गेली नाही तर.

योगायोग असा की याच पहाडात चुनखडीचा एक मोठा खटला झाला. मसुरी-डेहराडूनच्या डोंगरांतल्या चुनखडीच्या खाणींविरुद्ध १९८३ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज गेला, आणि १९८५ पासून न्यायालयाने त्यातल्या बहुतेक खाणी टप्प्याटप्प्याने बंद करवल्या. पर्यावरणाच्या कायद्याच्या इतिहासात हा खटला पहिल्या काहींत मोजतात. उघडा पडलेला पांढरा डोंगर मसुरीच्या रस्त्यावरून दिसत होता. तो पाहून लोक अस्वस्थ झाले. साल सोललेला बांज रस्त्यावरून दिसत नाही, आणि दगडफुलाची पुडी सोडताना तो कुणाच्या मनात येण्याचे कारण नाही. दगडावरची वस्तू दगडाइतकीच न संपणारी वाटते. आमच्या घरी तरी कुणी दगडफूल जपून वापरल्याचे आम्हाला आठवत नाही. केशर जपून वापरत, जायपत्री जपून वापरत.

अमरसिंहाकडे यासाठी आम्ही पुन्हा गेलो, आणि थोडे वरमलो. त्याच्या दुसऱ्या कांडात शैलवर्ग नावाचा स्वतंत्र वर्ग आहे. डोंगर, शिळा, दऱ्या, धातू असे सगळे त्यात आहे. अश्मपुष्प त्याने तिथे घातलेले नाही. ते त्याच्या पुढच्या वनौषधिवर्गात, झाडांच्या आणि वेलींच्या सोबत आहे. नाव दगडाचे ठेवून जागा त्याने रानात दिली होती. आम्ही नाव वाचत आलो, वर्ग पाहिला नाही.

मसाला दुसऱ्या दिवशी भाजला गेला. सालीचे अकरा तुकडे आम्ही फेकले नाहीत. एका कागदाची घडी घालून पाकीट केले आणि त्यात ठेवले. वर लिहिले: ठिकाण, इतवारी, नागपूर. आधार, साल. उंचीची जागा कोरी राहिली आहे.